सव्वा किलो की अडीच?

लॅपटॉप घ्यायचा ठरला की मराठी घरातून पहिला फोन भाच्याला जातो. भाचा हिंजवडीत असतो. तो तिथे नेमकं काय करतो हे मामाला ठाऊक नसतं, पण तो 'कॉम्प्युटरमधला' आहे, एवढं पुरेसं असतं. भाच्याकडचा लॅपटॉप कंपनीने दिलेला असतो, म्हणजे आजवर त्याने स्वतःच्या पैशाने एकही लॅपटॉप निवडलेला नसतो. तरी तो घसा खाकरून तज्ज्ञाला शोभेल असा प्रश्न विचारतो, "मामा, वापर काय आहे?"

इथेच सगळं फिसकटतं. कारण मामाचं उत्तर असतं, "वापर म्हणजे... तसा सगळाच."

सगळाच म्हणजे काय, ते हळूहळू कळतं. मामा सोसायटीचे खजिनदार, त्यांना वर्षातून एकदा हिशेब मांडायचे असतात. मामींना मोठ्या पडद्यावर नाटकं बघायची असतात. लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली, तिला तो रोज कॉलेजात न्यायचा असतो. धाकट्याला 'प्रोजेक्ट'साठी हवा असतो आणि त्या प्रोजेक्टमध्ये बंदुका असतात. भाचा रात्री दोन लिंक पाठवून मोकळा होतो. पहिल्या लिंकवर चौदा इंची, पातळ, सव्वा किलोचा लॅपटॉप. दुसरीवर त्याच किमतीतला साडेपंधरा-सोळा इंची, वेगळं ग्राफिक्स कार्ड, दणदणीत स्पीकर आणि उजवीकडे आकड्यांची स्वतंत्र पाटी असलेला, अडीच किलोचा. खाली एक ओळ : 'दोन्ही चांगले आहेत, तुम्ही ठरवा.'

मग घरात दोन पक्ष पडतात. मामांचा कौल दुसऱ्या लिंकला, कारण तेवढ्याच पैशात माल जास्त. हलकी वस्तू तकलादू आणि जड वस्तू टिकाऊ हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. बिडाचा तवा आणि सागवानी कपाट यांनी तो पिढ्यान्पिढ्या खरा करून दाखवला आहे. लेकीचा कौल पहिल्या लिंकला, कारण तो मैत्रिणीकडे आहे. मामी म्हणतात, "जो घ्याल तो घ्या, पण ठेवणार कुठे ते आधी सांगा." खरं तर सगळ्यांत मुद्द्याचा प्रश्न तोच असतो, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

हे भांडण मामांच्या घरात सुरू झालेलं नाही. एप्रिल १९८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळ्यात अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थांनी 'ऑस्बोर्न १' नावाचा संगणक मांडला. तो पोर्टेबल होता. म्हणजे त्याला उचलायची मूठ होती. वजन होतं ११ किलो, पडदा होता पाच इंची आणि आत बॅटरी नव्हती. जिथे नेऊ तिथे भिंतीत सॉकेट शोधायचं. किंमत १,७९५ डॉलर. विमानात सीटखाली मावतो, ही त्याची मोठी जाहिरात. प्रवाशाचे पाय मग कुठे मावायचे, यावर जाहिरातीत मौन होतं. गंमत अशी की या ऑस्बोर्नसाहेबांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं. त्यांचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. 'मी'पणाचं ओझं खाली ठेवा असं सांगणाऱ्या आश्रमाच्या सावलीत वाढलेल्या मुलाने जगाच्या हातात ११ किलोचं ओझं दिलं आणि लोकांनी ते रांगा लावून घेतलं.

१९८९मध्ये अ‍ॅपलने 'मॅकिंटॉश पोर्टेबल' काढला. हा बॅटरीवर चालायचा, पण ती बॅटरी शिशाची, गाडीत असते त्या जातीची. त्यामुळे एकूण वजन सात किलोंच्या वर. बाजारात तो फारसा चालला नाही. मात्र ऑगस्ट १९९१मध्ये 'अटलांटिस' या अवकाशयानातून अंतराळवीरांनी त्यावरून पृथ्वीवर ईमेल पाठवलं, आणि अवकाशातून आलेलं पहिलं ईमेल म्हणून ते गाजलं. त्या यंत्राला शेवटी योग्य जागा मिळाली म्हणायची, कारण तिथे कुठल्याच वस्तूला वजन नसतं.

पातळपणाचं खरं वेड सुरू झालं ते १५ जानेवारी २००८ला. स्टीव्ह जॉब्झ यांनी मंचावर ऑफिसातलं साधं पिवळट पाकीट आणलं, त्याची दोरी सोडली आणि आतून 'मॅकबुक एअर' काढला. वजन १.३६ किलो. सभागृहाने श्वास रोखला, आणि त्या दिवसापासून जगभरच्या लॅपटॉप कंपन्यांना झोप लागेनाशी झाली. पुढची काही वर्षं प्रत्येक नव्या लॅपटॉपची जाडी मिलिमीटरमध्ये सांगण्याची पद्धत पडली, जणू गिऱ्हाईक तो दाराच्या फटीतून आत सरकवणार होतं.

पातळपणाचे धोके मात्र लगेच दिसले. 'न्यूजवीक' साप्ताहिकात तंत्रज्ञानावर लिहिणारे स्टीव्हन लेव्ही यांना परीक्षणासाठी एक मॅकबुक एअर मिळाला होता. तो घरातून नाहीसा झाला. शोधाशोध केल्यावर ते ज्या निष्कर्षाला आले तो त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिला : टेबलावरच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात तो पडला असावा आणि गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला असावा. अमेरिकेत हा विनोद झाला. आपल्याकडे असता तर रद्दीवाल्याच्या तराजूत १.३६ किलो जास्त भरले म्हणून घरात दोन दिवस आनंद झाला असता.

आता त्या पाकिटाची दुसरी बाजू. आतल्या लॅपटॉपला यूएसबीची खाच एकच होती. डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता. तो हवा तर बाहेरून जोडायचा, ९९ डॉलर वेगळे. इंटरनेटची वायर लावायची जागा नव्हती. त्यासाठी २९ डॉलरचा अ‍ॅडॅप्टर. त्याच सुमारास लेनोवोने आपला 'एक्स ३००' आणला आणि त्याच्या जाहिरातीत नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. जाहिरातीतही तसंच एक पाकीट होतं आणि लॅपटॉपबरोबर या सगळ्या वायरी नि डबे त्यात कोंबताना त्याचा जीव जात होता. एक्स ३०० जवळपास तेवढाच हलका होता, आणि डीव्हीडी ड्राइव्ह व तीन यूएसबी खाचा त्याच्या पोटातच होत्या. तो गाजला जाणकारांत. जगाने लक्षात ठेवलं ते पाकीटच.

सात वर्षांनी, २०१५मध्ये, अ‍ॅपलने आणखी पुढची मजल मारली. बारा इंची मॅकबुक, वजन किलोच्या आत, ९२० ग्रॅम, आणि हेडफोनचं भोक सोडलं तर खाच एकच. चार्जर तिथेच, पेनड्राइव्ह तिथेच, प्रोजेक्टरही तिथेच. चार्जिंग चालू असताना पेनड्राइव्ह लावायचा तर आधी अ‍ॅडॅप्टर विकत घ्या. लॅपटॉपचं वजन कमी होतं म्हणतात, त्यात गोम आहे ती हीच : वजन नाहीसं होत नाही, ते कप्पा बदलतं. यंत्रातून निघतं आणि बॅगेच्या पुढच्या खिशात जाऊन बसतं. पातळ लॅपटॉप वापरणाऱ्या कुणाच्याही बॅगेचा तो खिसा उघडून बघा. हब, एचडीएमआयचं शेपूट, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क, आणि मीटिंगमध्ये कुणाचा तरी घेतलेला, परत द्यायचा राहून गेलेला आणखी एक अ‍ॅडॅप्टर.

म्हणजे मामा बरोबर म्हणायचे का? थांबा, जाड पक्षाचीही झडती घ्यायची आहे.

'मल्टिमीडिया लॅपटॉप' हा शब्द जेव्हा ऐन भरात होता, तेव्हा लॅपटॉप म्हणजे घरातला टीव्ही, डेक आणि सिनेमागृह सगळं एकात, अशी कल्पना होती. एचपीच्या त्या काळच्या पॅव्हिलियन मालिकेतल्या काही लॅपटॉपांना चक्क रिमोट मिळायचा. बोटभर जाडीचाही नसलेला तो रिमोट लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवून ठेवायचा. तीन फुटांवरचा लॅपटॉप रिमोटने चालवायला माणूस पलंगावर आडवा पडायचा आणि रिमोट खाचेतच राहिला म्हणून परत उठायचा. २००६मध्ये डेलने 'एक्सपीएस एम २०१०' काढला : २०.१ इंची पडदा, सुटा निघणारा कीबोर्ड, न्यायला बॅगेसारखी मूठ, वजन ८.३ किलो. पुढच्या वर्षी एचपीचा 'एचडीएक्स' आला, तोही वीस इंची, सुमारे सात किलोचा. लाडाने त्याला 'ड्रॅगन' म्हणत.

कळस केला एसरने. त्यांचा 'प्रिडेटर २१ एक्स' २०१७मध्ये बाजारात आला. एकवीस इंची पडदा, तोही वक्र. पोटात दोन ग्राफिक्स कार्डं आणि पाच पंखे. आकड्यांची पाटी उचलून उलटी बसवली की तिच्या पाठीवर टचपॅड. वजन आठ किलोंच्या पुष्कळ वर, आणि भिंतीतून वीज घ्यायला ३३० वॉटचे दोन चार्जर, तेही वेगळे वाहून न्यायचे. भारतात त्याची किंमत लावली होती ६,९९,९९९ रुपये. तो शेवटचा एक रुपया का सोडला असेल, हे कोडं सुटलेलं नाही. आपल्याकडे देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर हातातल्या बॅगेला साधारण सात किलोंची मर्यादा असते. म्हणजे 'पोर्टेबल' म्हणून विकलेलं हे यंत्र हातात घेऊन आपण पुण्याहून नागपूरलाही जाऊ शकत नाही. कपडे तर बॅगेत टाकायचे आहेतच.

विमानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंतची असेल तरच ती विमान कंपनीची खास परवानगी न घेता नेता येते. त्यामुळे लॅपटॉप कितीही मोठा करा, बॅटरी नव्व्याण्णवाच्या आसपास थांबते. भुकेला मात्र अशी मर्यादा नाही. पातळ लॅपटॉपातल्या प्रोसेसरची खादाडी ठरलेली, पंधरा वॉटच्या आगेमागे. मोठ्यातला पंचेचाळीस वॉटचा, वर ग्राफिक्स कार्डाची वेगळी पंगत. म्हणजे मोठ्या लॅपटॉपची बॅटरी थोडी मोठी, पण खाणारी तोंडं तिप्पट. परिणाम असा, की मोठा लॅपटॉप सॉकेटपासून लांब गेला की कासावीस होतो. गेम लावला तर तास-दीड तासात मान टाकतो. मार्च २०१७पासून काही महिने अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा अशा दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या प्रवाशांना मोबाइलपेक्षा मोठं कुठलंही यंत्र केबिनमध्ये न्यायला बंदी केली होती. आखाती विमानांनी अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या कितीतरी मराठी आईवडिलांनी ती अनुभवली. त्या काळात सव्वा किलोवाले आणि अडीच किलोवाले दोघेही विमानाच्या पोटात एका ओळीत निजले. दोन्ही पक्षांत इतकी समता आधी नव्हती, नंतरही आली नाही.

उष्णता हा या सगळ्या वादातला न बोलता बसलेला पाहुणा. चिप चालली की तापते, आणि ताप बाहेर काढायला जागा लागते. पातळ लॅपटॉपात जागाच नसते. मग तो शहाण्यासारखा वेग कमी करून घेतो. २०१८च्या जुलैत अ‍ॅपलच्या नव्या, सगळ्यांत महागड्या प्रोसेसरच्या मॅकबुक प्रोचं असंच झालं. एका यूट्यूबरने तो फ्रीझरमध्ये ठेवून व्हिडिओ एडिटिंगचं तेच काम करून पाहिलं, तर ते बाहेरच्यापेक्षा लवकर झालं. अ‍ॅपलने सॉफ्टवेअरमधली चूक मान्य करून काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण तोवर मटाराशेजारी लॅपटॉप ठेवायची कल्पना जगभर पोचली होती. नोव्हेंबर २०२०मध्ये अ‍ॅपलने स्वतःची 'एम १' चिप घातलेला मॅकबुक एअर आणला, त्यात पंखाच नव्हता. साध्या कामांत तो गरम होत नाही, आवाज करत नाही. तेव्हापासून 'पातळ म्हणजे दुबळा' हे म्हणणं सरसकट खरं राहिलेलं नाही, आणि हे मामांना कुणी अजून सांगितलेलं नाही.

मोठ्या लॅपटॉपाला पंखे असतात, आणि ते असल्याचं तो लपवत नाही. धाकट्याचा 'प्रोजेक्ट' रंगात आला की घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि मामी आतून ओरडतात, "ते काय चाललंय ते बंद कर, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही!" तो मांडीवर घेण्याचं सुख तर सोडूनच द्या. २०१०मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली होती. महिनोन् महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग पडले होते. शेकोटीला चिकटून बसणाऱ्यांच्या कातडीवर पडतात तसलेच, डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचे. यंत्र नवं, इतकंच.

पण पडदा? पडदा तर मोठा मिळतो ना, असं मामा विचारणारच. तर इथे थोडं गणित करायला हवं, कारण दुकानात ते कुणी करत नाही. पडद्याचे इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. साडेपंधरा इंची म्हणून विकला जाणारा नेहमीचा पडदा असतो १५.६ इंची आणि सोळास नऊ प्रमाणाचा, म्हणजे सिनेमासाठी कापल्यासारखा लांबुडका. हल्लीचे बरेचसे चौदा इंची पडदे सोळास दहा प्रमाणाचे, जरा उभार असतात. दोघांची उंची काढली तर पहिल्याची भरते साडेएकोणीस सेंटिमीटर, दुसऱ्याची पावणेएकोणीसच्या किंचित वर. फरक सहा मिलिमीटरांचा. म्हणजे सोसायटीचं इतिवृत्त वाचताना मामांना मोठ्या पडद्यावर जास्तीची एक ओळ दिसेल. त्या ओळीसाठी लेकीने रोज सव्वा किलो जास्त उचलायचं. रुंदीत आणि क्षेत्रफळात मोठा पडदा पुढे आहे, नाही असं नाही. मामींची नाटकं त्यात मोठी दिसतात. फक्त बहुतेक नाटकं मामी मोबाइलवरच बघतात, भाजी निवडता निवडता.

शिवाय मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा, हेही खरं नव्हे. स्वस्तातल्या मोठ्या लॅपटॉपांत कंपन्या पडद्यावर पैसे वाचवतात. बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, डोळ्याला दिसायला हव्यात त्यातल्या बऱ्याच रंगछटा या पडद्यावर उमटतच नाहीत. हे कुणाला कळतं, तर लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला. सांगली-कोल्हापूरकडे लग्नसराईत हे लोक रात्र रात्र जागून एडिटिंग करतात. अशा फिक्या पडद्यावर नवरीचा लाल शालू विटकरी दिसतो. मग हा पठ्ठ्या लाल रंग वाढवतो, आणखी वाढवतो, आणि अल्बम छापून आल्यावर नवरी, करवल्या, भटजी सगळे एकाच रंगात न्हाऊन निघतात. मुलीकडचे म्हणतात, "फोटोवाला कुठून धरून आणला?" चूक पडद्याची असते, शिव्या माणसाला.

खरं सांगायचं तर मोठ्या मल्टिमीडिया लॅपटॉपवर हक्क कुणाचा असेल तर याच माणसाचा. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, मेमरी लागते, हॉलवर बसून संध्याकाळच्या स्वागत समारंभाला सकाळच्या विधींची चित्रफीत दाखवायची असते. त्याने रंगांची टक्केवारी तपासून अडीच किलोचा घ्यावा आणि खुशाल घ्यावा. तो तसंही दोन कॅमेरे, तीन दिवे आणि एक मदतनीस घेऊन फिरतो. अडीच किलो मदतनीसाच्या खांद्यावर असतात. दुसरा हक्कदार म्हणजे टॅलीवर बसणारा. मार्च अखेरीला सीएच्या ऑफिसात आकड्यांच्या पाटीवरून ज्यांचा उजवा हात न बघता फिरतो, त्यांच्या हाती चौदा इंची लॅपटॉप देणं हा छळ आहे. वरच्या ओळीतले आकडे शोधून शोधून बिचाऱ्यांचं वर्ष एप्रिलमध्ये संपतं. बाकीच्यांना मात्र ती पाटी नडतेच. तिच्यामुळे अक्षरांचा कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि टाइप करणारा माणूस जन्मभर पडद्याशी तिरका बसतो. यावरही तोडगा आहे. यूएसबीची सुटी आकड्यांची पाटी स्वस्तात मिळते, आणि ती बॅगेच्या त्याच पुढच्या खिशात जाते.

आता रस्त्यावर येऊ, कारण लॅपटॉपची परीक्षा तिथे होते.

मुंबईच्या लोकलमध्ये पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची, हा अलिखित नियम आहे. सव्वा किलोवाल्याचं त्यात निभावतं. सतरा इंची लॅपटॉप पोटावर घेतलेला माणूस मात्र दीड माणसाची जागा अडवतो. मागून आवाज येतो, "ओ दादा, सॅक पुढे घ्या." तो म्हणतो, "अहो, पुढेच आहे." "मग मागे काय आहे?" "मागे मी आहे." वर रॅकवर ठेवा म्हणावं तर लॅपटॉपची बॅग रॅकवर ठेवून निर्धास्त उभा राहिलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. पुण्यात प्रश्न वेगळा. तिथे बॅग स्कूटरवर पायांमध्ये उभी राहते. चौदा इंची नीट बसते. मोठी बसत नाही; तिचा कोपरा वळणावर गुडघ्याला लागतो, आणि मग स्वार तोंडावरच्या रुमालातून जे बोलतो ते लॅपटॉपच्या कंपनीला उद्देशून आहे की पुढच्या रिक्षावाल्याला, हे कळायला मार्ग नसतो. जुलैत त्यात पाऊस. लॅपटॉप आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅकवर रेनकव्हर. बहुतेक रेनकव्हर मधल्या मापाची, त्यामुळे मोठ्या सॅकचा नेमका तळ उघडा राहतो.

महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा आदेश काढला होता. इंजिनिअरिंगला गेल्यावर हे संरक्षण संपतं. तरी हिशेबापुरतं ते मामांच्या लेकीला लावून पाहू. तिचं वजन पन्नास किलो, म्हणजे पाच किलोंची मुभा. मोठा लॅपटॉप अडीच किलो. त्याचा चार्जर पाऊण किलो, कधी किलोभरही. पाण्याची लिटरची बाटली एक किलो. पोळीभाजीचा स्टीलचा डबा पाऊण किलो. झाले पाच. वही, पुस्तक, ड्रॉइंगचं साहित्य, छत्री यांनी घरीच थांबावं. हाच हिशेब पातळ लॅपटॉपचा मांडला तर पावणेदोन किलोंची सूट मिळते, कारण हल्ली असे बरेच लॅपटॉप हलक्या टाइप-सी चार्जरवर चालतात, आणि त्यावर मोबाइलही चार्ज होतो. या एका मुद्द्यावर पातळ पक्ष निर्विवाद जिंकतो, आणि त्याच्या जाहिरातीत हा मुद्दा क्वचितच असतो. जाहिरातीत असते बाल्कनी, कॉफी आणि समुद्र.

जाड पक्षाचं हुकमी पान दुरुस्तीच्या दुकानात पडतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. तिथला कारागीर मोठा लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढतो, चहा यायच्या आत मेमरीचं नवं कार्ड बसवतो, जुनी डिस्क बदलतो आणि पाच वर्षांचं यंत्र आणखी तीन वर्षांसाठी उठवून बसवतो. पातळ लॅपटॉप पुढे केला की त्याचा चेहरा नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगणाऱ्या डॉक्टरचा होतो. मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली. २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोला 'आयफिक्सिट' या दुरुस्तीवाल्यांच्या संस्थेने दहापैकी एक गुण दिला होता. तेव्हापासून पातळपणाच्या शर्यतीत बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला. 'पुढे वाढवता येईल ना?' हा मामांचा लाडका प्रश्न, आणि पातळ लॅपटॉपबाबत त्याचं उत्तर बहुधा 'नाही' असतं. तेव्हा पातळ घ्यायचा तर पहिल्याच दिवशी सोळा जीबी मेमरीचा घ्यावा. आठचा घेऊन पुढे बघू म्हणणाऱ्याला पुढे काही बघता येत नाही.

मधला मार्ग निघाला नाही असं नाही. २०१९मध्ये एलजीने 'ग्रॅम १७' आणला, सतरा इंची पडदा आणि वजन १.३४ किलो. पहिल्या मॅकबुक एअरपेक्षाही हलका. २०२३मध्ये अ‍ॅपलने पंधरा इंची मॅकबुक एअर काढला, दीड किलोचा. म्हणजे मोठा आणि हलका, दोन्ही. भाच्याने ही तिसरी लिंक का पाठवली नाही? कारण तिच्याखाली किंमत होती.

तर निकाल. ज्याचा लॅपटॉप आठवड्यातून तीनदा तरी उंबरा ओलांडतो, त्याने चौदा इंची पातळ घ्यावा. घरी टेबलावर मोठा पडदा हवा तर चोवीस इंची मॉनिटर वेगळा घ्यावा; तो दहा-बारा हजारांच्या आसपास मिळून जातो आणि कुठल्याही मल्टिमीडिया लॅपटॉपच्या पडद्यापेक्षा मोठा असतो. एडिटिंग, थ्रीडी, गेम किंवा टॅली यांवर ज्याचं पोट किंवा जीव आहे, त्याने मोठा घ्यावा आणि तो टेबलावरून हलणार नाही हे आधीच मान्य करावं. मामांच्या घरात रोज घराबाहेर पडणारी एकटी लेक आहे. तेव्हा पातळ. धाकट्याचा प्रोजेक्ट त्याच्या पगारातून होईल.

आणि दुकानात जाल तेव्हा काउंटरवर मांडलेला उघडा लॅपटॉप दोन बोटांनी उचलून "हलका आहे हो" म्हणू नका. रोजची सॅक, डबा आणि भरलेली बाटली घेऊन जा, लॅपटॉप त्यात घाला, खांद्याला लावा आणि दुकानाला जिना असेल तर एकदा चढून या. चार्जर खोक्यात असतो. तोही बाहेर काढायला सांगा.